लेमशी बाजारात

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी वीरप्पा कोरे चिंचकोटच्या शेळीबाजारात आडव्या बांबूवर दावी टांगत होता. डाव्या हाताला घायपाताची, उजव्या हाताला नायलॉनची, मधे शेळ्यांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या आणि पितळी घुंगरं. एवढ्यात पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, "झोग-ऐलू."

वीरप्पाच्या हातातलं दावं खाली पडलं नाही. त्यानं ते नीट टांगलं, गाठ बसली का पाहिलं आणि मग वळला. बोलणारा होता रणधीर, सोलापूरकडून येणारा शेळ्यांचा दलाल. वीरप्पाशी त्याची ओळख दाव्याचा भाव करण्यापुरती. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या दुसऱ्या दलालानं, कल्याणप्पानं, मान हलवली आणि उत्तर दिलं, "झोग-केवी."

पस्तीस. चौतीस.

हे आकडे समजणारी माणसं जगात दोनच आहेत, असं वीरप्पा त्या सकाळपर्यंत धरून चालला होता. एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा पुतण्या शंभू.

वीरप्पाचं गाव उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या अंगाला. घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात दख्खनी, अशा तीन भाषा त्याच्या तोंडात लहानपणीच बसल्या. दहावी झाल्यावर तो वडिलांच्या दाव्यांच्या धंद्यात आला. दोर वळताना हात गुंततात आणि डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्याचं कुणी काय करतं, कुणी काय. वीरप्पानं भाषा केली. तिचं नाव त्यानं ठेवलं लेमशी. या नावाला काही अर्थ नाही, आणि अर्थ नाही म्हणूनच ते त्याला आवडलं.

लेमशीचा एकच कायदा होता. तिच्यातला कोणताही शब्द कानडी, मराठी किंवा दख्खनीतल्या शब्दासारखा वाटता कामा नये. वाटला तर टाकून द्यायचा. पहिली काही वर्षं वीरप्पानं ठेवले त्याहून जास्त शब्द टाकले. जे उरले ते त्याच्या मते चांगले होते. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून सरकून गेलेली सावली, तिला ईलव. लाइट गेल्यावर पिठाची गिरणी थांबते आणि एकदम जी शांतता कानात येते, तिला शोमी. शेळी कान झटकते त्या आवाजाला फिडप. असे हजारभर तरी शब्द असावेत. त्यानं ते कधी मोजले नाहीत आणि कधी लिहिलेही नाहीत. लिहायचं म्हटलं तर बाराखडी मराठीचीच घ्यावी लागणार, आणि एकदा मराठी अक्षरांत बसली की ती मराठीसारखीच ऐकू येऊ लागेल, ही त्याची भीती होती. त्यामुळे लेमशी होती ती फक्त तोंडात.

गावाला हे माहीत होतं. तरुणपणी लोक त्याला चावडीवर थांबवून म्हणायचे, "वीरप्पा, जरा तुझ्या भाषेत शिवी दे बघू." लेमशीत शिवी नव्हती. हे सांगितलं की लोकांचा रस संपायचा. बायको महानंदा लग्न होऊन आली तेव्हा तिनं आठवडाभर ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यानं काय मिळतंय?" काही मिळत नाही, असं त्यानं सांगितलं. दारू पिण्यापेक्षा बरं, असा हिशेब करून तिनं तो विषय सोडून दिला.

आकडे लेमशीत फार उशिरा आले, आणि तेही शंभूमुळे. वीरप्पाला मूलबाळ नाही. भावाचा मुलगा शंभू लहानपणी त्याच्याच मागं मागं असायचा, जीपच्या टपावर दाव्यांच्या बोजांवर बसून बाजाराला यायचा. आठव्या वर्षी तो लेमशीत भांडू लागला होता. एकदा त्यानं विचारलं, "काका, हिच्यात मोजायचं कसं?" वीरप्पाला मोजण्याची गरज कधी वाटली नव्हती. पण पोरानं मागितलं म्हणून त्यानं आकडे करून दिले. लुम, बेशू, झोग, केवी, ऐलू, अशा क्रमानं. पुढं सहावीत वर्गातली पोरं शंभूला हसली आणि त्या दिवसापासून शंभूनं लेमशी बंद केली. वीरप्पानं त्याला एकदा लेमशीत हाक मारली, तर तो मराठीत म्हणाला, "काका, लोक बघायलेत."

त्यानंतर वीरप्पा एकटाच बोलत राहिला, दोर वळताना, दोराशी. बोलायला काही अडचण नव्हती. उत्तर तेवढं येत नव्हतं.

म्हणून त्या शुक्रवारी दोन परक्या माणसांनी एकमेकांना लेमशीत उत्तर दिलेलं ऐकून त्याला राग आला नाही. यायला हवा होता, हे त्याला नंतर कळलं.

शंभू आता अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि तीन वर्षांपासून याच बाजारात दलाली करतो. वीरप्पानं त्याला रजियाबीच्या चहाच्या गाड्यावर गाठलं. रजियाबीचा गाडा वीरप्पाच्या दुकानाला लागूनच असतो.

"शंभू, रणधीरला आकडे कुणी दिले?"

"म्या दिले. का?"

"का म्हणजे?"

शंभूनं बशीतला चहा संपवला. "काका, दलालांची जुनी बोली मोबाईलवर आली. कुणीतरी सगळ्या आकड्यांचा व्हिडिओ काढून सोडला. आता शेरडं घेऊन आलेलं शाळकरी पोरगं बी आमालाच आमचा भाव म्हणून दाखवायलंय. नवी बोली पाहिजे होती. म्हणलं, घरात तयार पडलीय, तिला गंज कशाला चढवायचा?"

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर न्हाय म्हणला असता?"

वीरप्पानं दुसरंच विचारलं, "किती जण बोलतेत?"

"बारा-पंधरा. पलीकडच्या बाजारातले बी मागायलेत."

"अगं बाई!" रजियाबी किटली ठेवत म्हणाली. "वीरप्पाभाई, तुमचा तर लई मोठा कुनबा झाला. मिठाई कधी?"

शंभू हसला. वीरप्पाही हसला. त्या दिवशी तो दाव्यांचा भाव करताना दोनदा चुकला.

दलालांची बोली कशाला लागते, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. शेळी विकायला आलेला माणूस आपल्या दलालाच्या कानात सांगतो की शेवटी इतक्याला देईन. हा दलाल मग घेणाऱ्याच्या दलालाला तोच आकडा मालकासमोरच उघड सांगतो, पण त्यांच्या बोलीत. मालकाला वाटतं आपल्यासाठी घासाघीस चालली आहे. भाव त्या आकड्याच्या आसपास येऊन थांबतो आणि घेणारा त्याहून जास्त देतो तो वरचा फरक दोन दलाल वाटून घेतात. वीरप्पा हे तीस-पस्तीस वर्षं बघत होता. चूक की बरोबर, असा विचार त्यानं केला नव्हता. विकणारा आपलं दावं शेळीच्या गळ्यातून सोडून घरी नेतो, कारण दाव्याबरोबर घरातली बरकत जाते असं इकडं मानतात. घेणाऱ्याला मग नवं दावं लागतं. म्हणजे बाजारात प्रत्येक सौदा झाला की वीरप्पाचं एक दावं खपतं. सौदा कसा झाला, याच्याशी दाव्याचा संबंध नसतो.

पुढच्या शुक्रवारी तो स्वतः रणधीरकडे गेला.

"थीम न्हाय ते. थिम. सात म्हणताना आखूड म्हणायचं."

रणधीरनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मामा, आखूड म्हणलं काय, लांब म्हणलं काय, बोकडाला काय फरक पडतोय?"

"बोकडाला न्हाय पडत. मला पडतोय."

आजूबाजूचे दलाल हसले. पण रणधीरनं "थिम" असं म्हणून दाखवलं, आणि पुढं तो बरोबरच म्हणू लागला. वीरप्पा दुकानात बसून कान लावून ऐकायचा. कल्याणप्पा झोग म्हणताना नाकातून बोलतो, तर पलीकडचा एक पोरगेला दलाल बेशूचा शेवट ओढतो. भाषा माणसागणिक बदलते, हे त्याला ठाऊक होतं. आपली बदलताना तो पहिल्यांदाच ऐकत होता. घरी आल्यावर तो महानंदाला हे सांगायचा. ती भाकरी थापत थापत ऐकायची.

महिन्याभरानं रणधीरच दुकानाशी आला आणि बाकड्यावर टेकला.

"मामा, आकडे झाले. आता एक शब्द लागतोय."

वीरप्पानं हातातलं काम बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत लेमशीत शब्द मागणारा शंभूनंतर हाच पहिला.

"कसला?"

"मालक अडलेला हाय. काय बी दिलं तरी घेणार. एवढं एका शब्दात."

"म्हणजे गरजू."

"गरजू तर सगळेच हायत, मामा. कोण हौसेनं इकतंय? ज्याला आज इकूनच जावं लागतंय, शेरडू परत घेऊन जाताच येत न्हाय, त्यो. आणि शब्द असा पाहिजे की ओठ हलले न्हाय पाहिजेत. मिशीखालून गेला पाहिजे."

लेमशीत या अर्थाचा शब्द नव्हता. वीरप्पानं आठ दिवस घेतले. आधी त्याला गिंडी हा शब्द सुचला. महानंदाला म्हणून दाखवला तर ती म्हणाली, "गिंडी म्हणजे आमच्याकडं झारी की. आईनं मला लग्नात दिलेली, वर ठेवलीय बघा." गिंडी गेली. मग हवली. तो रजियाबीनं मोडीत काढला. "हमारे में हौला बोले तो येडा. कुणाला येडा म्हणायलाव, भाई?" अर्थ त्यानं दोघींनाही सांगितला नाही. शब्दाचा अर्थ आधी सांगितला की ऐकणाऱ्याचा कान फसतो, असं त्याचं म्हणणं होतं. शेवटी नूमस ठरला. तीनही भाषांत त्याला नातेवाईक नव्हता. ओठ जेमतेम मिटत होते, आणि हळू म्हटला तर नाक ओढल्यासारखा वाटत होता. इतका मागणीप्रमाणे बसलेला शब्द आपण पहिल्यांदाच केला, असं वीरप्पाला वाटलं.

रणधीरनं तो एकदा म्हणून पाहिला आणि वीरप्पाच्या पाठीवर थाप मारली. त्या शुक्रवारपासून दलाल आपल्या गिऱ्हाइकांना दाव्यासाठी वीरप्पाकडेच पाठवू लागले. बाजाराला येताना जीपच्या टपावर दोन बोजे असायचे, ते चार झाले.

जूनच्या तिसऱ्या शुक्रवारी सखूबाई आली. शेजारच्याच गावची, साठीच्या पुढची, वीरप्पाकडून वर्षानुवर्षं दावी नेणारी. तिच्याबरोबर दोन शेळ्या होत्या, दोन्ही काळ्याभोर, दुसऱ्या वेताच्या, अंगानं भरलेल्या. नातीचा, आरोहीचा, नर्सिंगला नंबर लागला होता आणि प्रवेशाची शेवटची तारीख सोमवार होती. हे तिनं वीरप्पाला सांगितलं, रजियाबीला सांगितलं आणि तिचा दलाल म्हणून शंभू पुढं आला तेव्हा त्यालाही सांगितलं.

"आत्या, खरं सांगा, शेवटी कितीला द्याल?" शंभूनं विचारलं.

"जोडीचे चोवीस हजार यावेत. पर आज मोकळ्या हातानं जाता येत न्हाय रं बाबा. सतराच्या खाली मात्र बोलू नगंस."

सौदा वीरप्पाच्या दुकानासमोरच उभा राहिला, कारण सावली तिथंच होती. रणधीर घेणाऱ्याच्या बाजूनं आला. शेळ्यांचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला. शंभू त्याच्याकडे न बघता म्हणाला, "लुम-थिम." आणि मग नाक ओढल्यासारखं, "नूमस."

रणधीरनं चौदापासून सुरुवात केली.

सखूबाई अडाणी आहे, पण बावळट नाही. दोघांचं काहीतरी ठरलं, हे तिनं टिपलं. ती वीरप्पाकडे वळली. "भाऊ, हे दोघं काय बोलायलेत? तुमाला तर कानडी बी येतंय, मुसलमानी बी येतीय. सांगा की."

शंभूनं काकाकडे पाहिलं. रणधीरनंही पाहिलं. त्यांच्या नजरेत धमकी नव्हती. उलट दोघंही काहीसे मजेत होते, घरातलं गुपित घरातल्या माणसासमोर निघालं की असतात तसे. वीरप्पाच्या हातात म्होरकी होती. तिची गाठ त्यानं ओढून घट्ट केली.

"काय की, अक्का," तो म्हणाला. "मला न्हाय कळत."

"तुमाला न्हाय कळत म्हंजे काय बी नसंल," सखूबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. "उगं तोंड वाजवायलेत मेले."

तीन भाषा येणाऱ्या माणसाला कळत नाही, म्हणजे ती भाषाच नव्हे, असा तिनं हिशेब केला. तिच्या जागी बाजारातल्या कुणीही तोच केला असता. सौदा साडेसतराला ठरला. तिनं दोन्ही शेळ्यांच्या गळ्यातली जुनी दावी सोडली, झटकली आणि पिशवीत घातली. रणधीरच्या गिऱ्हाइकानं वीरप्पाकडून दोन नवी दावी घेतली. वीरप्पानं ती बांधून दिली. त्याचं कामच ते होतं.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा आली, मोकळीच. आधी रजियाबीकडे बसली, चहा घेतला आणि मग दुकानाशी येऊन उभी राहिली. रजियाबीनं किटली घासायला घेतली होती आणि ती मान वर करत नव्हती.

"ती बोली तुमचीच हाय म्हणं," सखूबाई म्हणाली.

"व्हय."

"सगळी? आकडे बी?"

"आकडे बी."

"आणि त्यो मागनं म्हणला त्यो शब्द?"

वीरप्पानं बांबूवरचं एक दावं सरळ केलं.

"त्याचा अर्थ काय, ते रजियाबीला बी ठावं न्हाय. तुमी सांगा."

त्यानं सांगितला. ती ऐकत उभी राहिली. मग तिनं पिशवीतून दोन्ही जुनी दावी काढली आणि बाकड्यावर ठेवली.

"अक्का, ही घरी ठिवायची असत्यात."

"शेरडंच न्हायत, दावी काय माझ्या गळ्यात बांधू? इका ही बी. नव्यात मिसळली की कुणाला कळणार न्हाय." जाता जाता ती थांबली. "पोरीचा प्रवेश झाला. कुणी विचारलं तर सांगा. न्हाय तर म्हणाल, मला ठावं न्हाय."

रजियाबी आता मान वर करून म्हणाली, "म्या सांगितलं तिला, भाई. राग आला तर येऊ द्या. मला त्या दिवशी हवली विचारलावता ना, तवाच कशाला लागतोय म्हणून विचारायला पाहिजे होतं."

वीरप्पानं ती दोन दावी नव्यात मिसळली नाहीत. बाकड्याखाली ठेवली. मग थोड्या वेळानं तो उभा राहिला आणि एरवी ज्या आवाजात दाव्यांचा भाव ओरडतो त्याच आवाजात ओरडू लागला, "लुम म्हंजे एक! बेशू म्हंजे दोन! झोग म्हंजे तीन! ऐका हो, शेरडंवाले! थिम म्हंजे सात!"

आधी लोकांना वाटलं, दाव्यांचा काही नवा प्रकार आला. मग एकेक मालक थांबून ऐकू लागला. दोघा-तिघांनी त्याच्याकडून आकडे म्हणून घेतले. सकाळभर दलालांचे चार-पाच सौदे फिसकटले. लेमशीचे दहा आकडे त्या दिवशी जितक्या तोंडांत गेले तितके आधी कधी गेले नव्हते, आणि ते तिला मारण्यासाठी चालले होते.

दुपारी शंभू आला. चिडलेला नव्हता.

"काका, इतकी वर्षं एक माणूस मिळत नव्हता बोलायला. म्या पंधरा मिळवून दिले. आणि तुमीच दवंडी पिटायलाव."

"सखूअक्काच्या शेळ्या चोवीसच्या होत्या."

"व्हत्या. मग तवा का न्हाय बोलला? साडेसतराला ठरलं तवा तुमी दावं बांधत होता."

"चुकलं."

"चुकलं न्हाय. तुमाला ऐकायला बरं वाटत होतं." शंभूनं एक म्होरकी हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. "आता आमाला कष्ट. बदलावं लागंल सगळं."

पुढच्या शुक्रवारी वीरप्पानं कान लावला तर शब्द तेच होते. लुम, थिम, केवी, ऐलू. त्याला वाटलं, बदलले नाहीत. तो पुन्हा ओरडला, "थिम म्हंजे सात!"

सास्तूरकडचा बलभीम नावाचा शेतकरी एक बोकड घेऊन आला होता. त्यानं वीरप्पाचं ओरडणं ऐकलं होतं. घेणाऱ्याचा दलाल त्याच्यासमोर दुसऱ्या दलालाला "लुम-थिम" म्हणाला आणि बलभीमनं हिशेब केला, सतरा. म्हणजे गिऱ्हाईक सतरापर्यंत चढणार. दुसरा एक माणूस रोख पंधरा हजार देत होता. बलभीमनं त्याला वाटेला लावलं आणि सतरावर अडून बसला. बारा वाजेपर्यंत दोन्ही गिऱ्हाइकं निघून गेली. बाजार उठताना त्यानं बोकड अकराला दिला. दलालांनी शब्द बदललेच नव्हते. अर्थ फिरवले होते. थिम आता दोन झाला होता. नवे शब्द करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, पण होते तेच पिसून घ्यायला अर्धा तास पुरला होता.

बलभीम दुकानाशी आला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता. "सात म्हणालाव की! गळा फाडून म्हणालाव!"

"सातच होतं."

"मग आता किती हाय?"

"मला न्हाय कळत," वीरप्पा म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

"दलालाचा काका तू. पुतण्या आत, तू भायेर. दोघांची मिळून भागी हाय तुमची!" बलभीमनं बांबूला हिसका दिला आणि टांगलेली दावी धुळीत पडली. कुणी मधे आलं नाही. रजियाबी आली. तिनं वीरप्पाबरोबर दावी उचलून झटकली.

त्यानंतर शेतकरी त्याचं ऐकेनात आणि दलाल त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवेनात. रणधीरनं आपल्या गिऱ्हाइकांसाठी नायलॉनचा दोर घाऊक आणून गाडीतच ठेवला. बाजाराच्या ठेकेदारानं जागा बदलावी लागेल म्हणून सांगितलं. नवी जागा पाण्याच्या टाकीमागं, जिथून सौदे दिसत नाहीत आणि ऐकूही येत नाहीत. रजियाबीचा गाडा जुन्याच जागी राहिला. फिरवलेले अर्थ दलालांनी पुढं आणखी दोनदा फिरवले. एक शब्द तेवढा त्यांनी बदलला नाही, कारण त्याच्या जागी ठेवायला त्यांच्याकडे दुसरा नव्हता. नूमस आता पलीकडच्या दोन बाजारांतही चालतो. शंभूनंच ते घरी सांगितलं. सांगताना त्याच्या आवाजात कौतुक होतं, आणि ते खरं होतं.

माल साचला. पावसाळ्यात घायपाताचा दोर ओल धरतो, काळा पडतो. आज गुरुवारी दुपारी शंभू रणधीरला घेऊन घरी आला. "काका, कुजून जाईल. रणधीर दोन बोजे घेतो म्हणतोय. म्या मधे हाय, काळजी करू नका."

रणधीरनं बोजा सोडला, दोराला पीळ देऊन पाहिला, वास घेतला. महानंदा चहा घेऊन बाहेर आली. शंभू भिंतीकडे बघत म्हणाला, "केवी-बेशू." आणि मग नाक ओढल्यासारखा तो शब्द.

आकडा किती होता, हे वीरप्पाला कळलं नाही. कळायचं तेवढं कळलं.

रणधीरनं भाव सांगितला. तो वळण्याच्या मजुरीइतकाही नव्हता. वीरप्पानं मान हलवली. दोघं मिळून बोजे गाडीत टाकत असताना महानंदा हळूच म्हणाली, "ह्यो तुमीच केलेला शब्द न्हाय का? गिंडीच्या टायमाला मला विचारलावता. काय म्हणाला शंभू?"

"काय की," वीरप्पा म्हणाला. "मला न्हाय कळत."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि कप उचलून ती आत गेली.

उद्या शुक्रवार आहे. गावातून चिंचकोटला जाणारी पहिली जीप पावणेसहाला सुटते. तिच्या टपावर वीरप्पाचे उरलेले दोन बोजे असतील आणि साडेसहाला तो पाण्याच्या टाकीमागं बांबू रोवत असेल.